बाद ठरवलेला मुद्दा

थ्युसिडिडीझच्या इतिहासातला मेलोसचा संवाद म्हटला की ‘बळी तो कान पिळी’ एवढे म्हणून पुढे जाण्याची रीत पडून गेली आहे. आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणारेही तो बहुधा तेवढ्याचसाठी हाताशी ठेवतात. पण तेवढेच सांगायचे असते तर एक म्हण पुरली असती. शब्दांची इतकी काटकसर करणाऱ्या माणसाने पाचव्या खंडाची एवढी पाने त्यावर का खर्च करावीत?

प्रसंग इ.स.पू. ४१६ चा. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात कागदोपत्री तह आहे, पण तो कोणीच मनापासून पाळत नाही. एजियन समुद्राच्या दक्षिणेला मेलोस हे लहानसे बेट. तिथले लोक मुळात स्पार्टाचे वसाहतवाले. आजूबाजूची बेटे एकामागून एक अथेन्सच्या कह्यात गेली, हे मात्र गेले नाही. दहा वर्षांपूर्वी निकियास नावाचा सेनापती साठ जहाजे घेऊन येऊन गेला, शेते उद्ध्वस्त करून गेला, तरी बेट नमले नाही. आता अडतीस जहाजे आणि सुमारे तीन हजार माणसे किनाऱ्यावर उतरली आहेत. हल्ल्याआधी सेनापती बोलणी करायला दूत पाठवतात.

इथे पहिला बारकावा. मेलोसचे सत्ताधारी दूतांना जनतेपुढे उभे करत नाहीत. अधिकारी आणि मोजके प्रतिष्ठित यांच्यासमोरच बोला म्हणतात. दूत हे लगेच हेरतात. आमच्या सलग भाषणाने लोक भुलतील अशी तुम्हाला भीती वाटते ना, मग भाषण नकोच, एकेक मुद्दा घेऊ आणि पटला नाही तर तिथेच तोडा, असे ते सुचवतात. म्हणून या ग्रंथात इतरत्र लांबलचक भाषणे असताना इथे एकाएकी नाटकासारखे आळीपाळीचे बोलणे सुरू होते. बोलणाऱ्यांना नावेही नाहीत. एकीकडे ‘अथेन्सवासी’, दुसरीकडे ‘मेलोसवासी’.

मेलोसकरांची बाजू घेऊन वाचताना मला हे बंद दार नेहमी खटकते. स्वातंत्र्याच्या नावाने जो निर्णय होणार आहे, त्याची किंमत ज्यांनी मोजायची ते दाराबाहेर आहेत. समोरून आलेले दूत लोकशाहीचे, पण त्यांची लोकशाही घरापुरती. कोणाच्या अंगावर निर्मळ वस्त्र घालायचे हा प्रश्न थ्युसिडिडीझ आपल्यासाठी सोपा करत नाही.

दुसरा बारकावा माझ्या मते सगळ्या संवादाची किल्ली आहे. बोलणी सुरू होण्याआधीच दूत दोन मुद्दे बाद करतात. आम्ही पर्शियनांना हरवले म्हणून आम्हाला सत्तेचा हक्क आहे, असली गोड भाषणे आम्ही करणार नाही. तुम्हीही आम्ही तुमचे काही वाईट केले नाही असे सांगू नका. न्यायाचा प्रश्न तुल्यबळांमध्येच उठतो, एरवी बलवान जमेल ते करतो आणि दुबळा सोसतो. किती प्रामाणिक वाटते हे! ढोंग नाही, आडपडदा नाही. पण प्रामाणिकपणाच्या या आवेशात कोणती गोष्ट गळून पडली ते पाहा. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन राजा झर्कसीझची अफाट सेना चालून आली, तेव्हा अथेन्सकरांनी शहर रिकामे केले, डेल्फीच्या देववाणीचा आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि सालामिसच्या खाडीत उभे राहिले. म्हणजे समोरची ताकद मोठी असली की वाकावे, हा आज मेलोसला दिलेला सल्ला त्यांनी स्वतः झुगारला होता. थ्युसिडिडीझ इथे सांगत नाही, पण हिरोडोटसने नोंदवले आहे, की त्या लढाईत मेलोसचीही पन्नास वल्ह्यांची दोन जहाजे होती. विजयानंतर डेल्फीला उभारलेल्या सर्पस्तंभावर मेलोसकरांचे नाव कोरले गेले. तो स्तंभ आज इस्तंबूलमध्ये आहे.

न्यायाला बंदी झाल्यावर मेलोसवाले चतुराई करतात. ठीक आहे, फायद्याच्याच भाषेत बोलू. संकटात सापडलेल्याला न्यायाची दाद मागता यावी, ही रीत जिवंत राहण्यात तुमचाही फायदा आहे, कारण तुम्ही पडलात तर सूड भयंकर असेल. दूत शांतपणे सांगतात, आमची सत्ता संपली तरी त्याची धास्ती आम्हाला नाही. स्पार्टासारखे राज्यकर्ते जितांशी तितके निर्दय वागत नाहीत. हे उत्तर लक्षात ठेवावे.

मग तो भाग येतो जो वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो. मेलोसवाले विचारतात, आम्ही कोणाच्याच बाजूला न जाता तुमचे मित्र म्हणून राहिलो तर? दूत म्हणतात, नाही. तुमचे वैर आम्हाला तितके बाधत नाही, जितकी तुमची मैत्री बाधेल. मैत्री केली तर आमच्या अंकित शहरांना ती आमची दुर्बलता वाटेल. तुमचा द्वेष हा आमच्या ताकदीचा पुरावा आहे. सत्तेला इथे जिवंत मित्रापेक्षा भ्यालेला शत्रू सोयीचा वाटतो, कारण तिचे सारे लक्ष समोरच्या मेलोसकडे नसून मागे उभ्या असलेल्या आपल्याच प्रजेकडे आहे. एवढ्या बलाढ्य अथेन्सची ही भीती थ्युसिडिडीझ तिच्याच तोंडून वदवतो.

पुढे आशेची चर्चा आहे. मेलोसवाले दैव, देव आणि स्पार्टाचे नाते यांचा आधार घेतात. दूत त्यांना जवळजवळ वडीलधाऱ्याच्या सुरात समजावतात. आशा खर्चिक चीज आहे, ज्याच्या गाठीला भरपूर आहे त्यालाच परवडते, सर्वस्व पणाला लावणाऱ्याला ती बुडाल्यावर कळते. जमेल तिथे राज्य करणे हा देवामाणसांचा सृष्टिनियम, आम्ही तो केलेला नाही, आम्हाला तो आयता मिळाला. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्मही असेच काही बोलून जातो : बलवान ज्याला धर्म म्हणेल तोच लोक धर्म धरतात. पण भीष्म गोंधळलेला आहे, त्याला उत्तर देता येत नाही. अथेन्सचे दूत गोंधळलेले नाहीत, आणि वाचकाला घाबरवते ती हीच त्यांची खात्री. हॅलिकार्नेससच्या डायोनिसियस या जुन्या समीक्षकाला हे इतके झोंबले, की असे बोलणे पूर्वेकडच्या राजांना शोभेल, ग्रीकांना नव्हे, अशी तक्रार त्याने केली. त्या वेळी थ्युसिडिडीझ हद्दपारीत असल्यामुळे त्याने हे ऐकलेलेही नसणार, हा डायोनिसियसचा आक्षेपही बिनतोड आहे. पण कलाकृती म्हणून संवादाचे त्याने काही बिघडत नाही.

मेलोसवाले विचार करून परत येतात आणि नकार देतात. सातशे वर्षे स्वतंत्र असलेले शहर क्षणात देणार नाही. त्यानंतर वेढा, आतल्यांपैकी काहींची फितुरी, शरणागती. हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांना ठार केले, बायकामुलांना गुलाम केले, पाचशे वसाहतवाले पाठवले. एवढेच. हत्येचा ठराव कोणी मांडला, सभेत काय बोलणे झाले, एक शब्द नाही. अकरा वर्षांपूर्वी मितिलीनी या शहराबद्दल असाच ठराव झाला, दुसऱ्या दिवशी फिरवला गेला, आणि त्या वादाची भाषणे याच लेखकाने तपशिलाने दिली होती. मेलोसच्या वेळी तो गप्प बसतो. प्लुटार्क नंतर या प्रकरणात अथेन्सचा पुढारी अल्सिबायडीझ याचे नाव घेतो, थ्युसिडिडीझ घेत नाही. बोलणी एवढी दिली आणि कृती दोन ओळींत उरकली, हा तोल मला हेतुपुरस्सर वाटतो.

पान उलटले की सहावा खंड, आणि तोच हिवाळा. अथेन्सकरांना सिसिलीवर स्वारी करायची आहे, आणि बहुतेकांना त्या बेटाचा विस्तारही ठाऊक नाही. अदृश्य आशेबद्दल दुसऱ्यांना उपदेश करणारे स्वतः किती मोठी आशा बांधतात! इ.स.पू. ४१३ मध्ये ती मोहीम धुळीला मिळते. माघारीच्या वाटेवर सैन्याला धीर देणारा सेनापती तोच निकियास, मेलोसवर पूर्वी चालून गेलेला. मी देवांची भक्ती केली, माणसांशी न्यायाने वागलो, म्हणून मला आशा आहे, असे तो म्हणतो. हे शब्द आपण आधी ऐकले आहेत, फक्त दुसऱ्या बाजूच्या तोंडून. थ्युसिडिडीझ बोट दाखवत नाही, वाचकाच्या स्मरणावर विसंबतो.

संवादाचे उत्तर मात्र त्याला लिहिता आले नाही. ग्रंथ इ.स.पू. ४११ च्या घटनांत अर्धवट तुटतो. पुढचे झेनोफनने लिहिले. इ.स.पू. ४०५ मध्ये आपले आरमार गमावल्याची बातमी आली, त्या रात्री अथेन्समध्ये कोणी झोपले नाही. मेलोसच्या लोकांशी आपण जे केले तेच आता आपल्याशी होणार, असे त्यांना वाटले. स्पार्टाच्या बाजूच्या कोरिंथ आणि थीब्जने तशी मागणीही केली. स्पार्टाने ती फेटाळली. दूतांनी तेव्हा बेफिकिरीने सांगितले होते ते खरे ठरले : जेत्याने मारले नाही. पण स्पार्टाने जे कारण दिले ते वाचून मेलोसच्या त्या बैठकीकडे परत जावेसे वाटते. ग्रीसवरच्या सर्वांत मोठ्या संकटात ज्यांनी एवढे थोर काम केले, ते शहर आम्ही गुलाम करणार नाही, असे स्पार्टाचे म्हणणे. यात थीब्जला फार मोठे होऊ न देण्याचे राजकारणही असेल, मला तर ते असावेच असे वाटते. तरी बोलायला जागा मिळाली ती पर्शियनांवरच्या विजयाच्या जोरावरच. मेलोसवर अथेन्सने स्वतःच बाद ठरवलेला मुद्दा तोच होता.