प्रबंध, पत्र आणि कायदा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण सांगतो ते बहुधा त्यांच्या पदव्या मोजताना. कोलंबिया, लंडन, रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ, की लगेच आपण राज्यघटनेकडे वळतो. त्यामुळे त्यांच्या अर्थविचाराचा धागा मधेच तुटतो.

तो धागा १९१८ च्या एका निबंधात सापडतो. विषय होता लहान शेतजमिनींचा. शेताचे तुकडे जोडावेत, ही तेव्हाची सर्वसाधारण सूचना. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा मांडला. शेत परवडते की नाही, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांचे प्रमाण पाहावे लागते. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, म्हणून तुकडे पडतात; उद्योग वाढवा, जास्तीचे हात तिकडे जातील. आमच्या सुलतानपुरात भावाभावांतल्या वाटण्या पाहिलेल्या कोणालाही हे निदान पटेल.

मात्र उपाय मला अपुरा वाटतो. हे हात कारखान्यात गेले, तरी त्यांना आत घेणार कोण? मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तेवढ्यावरून इतरांना विटाळ होई!

या प्रश्नाचे उत्तर प्रबंधात नव्हे, पत्रात मिळते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे होते. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या, मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. ही उपमा समाजसुधारकाची मानतात. मला तीत अर्थशास्त्रज्ञ दिसतो. जन्मल्या मजल्यावरून श्रम हलूच शकत नसतील, तर निबंधातला उपाय कागदावरच राहणार. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये स्पष्टच मांडले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कारखान्यात पोचलेल्या माणसाचे पुढे काय, याचे ते कायद्यातले उत्तर होते.

प्रबंधाची भाषा आकड्यांची, पत्राची संतापाची, कायद्याची कलमांची. पण तिन्हींतला माणूस एकच आहे: ज्याच्या हाताला काम नाही, तो. हे तिन्ही लेखन एकत्र वाचल्याशिवाय अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर कळायचे नाहीत.