दोन नॅनोसेकंदांचा मजकूर

लिनक्स कर्नलच्या संहितेत, नेटवर्क चिपांची वर्णनं कशी लिहावीत हे सांगणाऱ्या फायलींचा एक कप्पा आहे. ‘इथरनेट-फाय’ आणि ‘इथरनेट-कंट्रोलर’ या त्यातल्या दोन फायली. यॅमलमध्ये लिहिलेल्या, वरवर रूक्ष. तांत्रिक गद्य किती नेमकं आणि किती समंजस असू शकतं हे कुणी विचारलं, तर मी याच दोन फायली पुढे ठेवेन.

पीसीआय कार्ड संगणकात बसवलं की ते आपली ओळख स्वतः देतं. राउटरच्या बोर्डावर सोल्डर केलेल्या बहुतेक चिपांना ती सोय नसते. कोणती चिप कुठे आहे, ती कशाला जोडली आहे, हे कर्नलला लिहून द्यावं लागतं. ते लेखन म्हणजे डिव्हाइस ट्री. कल्पना ओपन फर्मवेअरची, १९९४च्या आयईईई १२७५ या मानकातली. २०११ नंतर एआरएम बोर्डांमुळे ती लिनक्समध्ये सर्वदूर पसरली. हे लेखन कसं करायचं याचे नियम बरीच वर्षं साध्या इंग्रजी परिच्छेदांत होते. माणसाला ते कळत, यंत्राला नाही. एखाद्या गुणधर्माच्या नावात अक्षर चुकलं तर ड्रायव्हरला ते नाव सापडतच नसे. कर्नल काही न बोलता पुढे जाई आणि केबल जोडूनही नेटवर्क मुकं राही. २०१८च्या सुमारास कर्नलमधल्या डिव्हाइस ट्रीचे देखभालकर्ते रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने हे नियम स्कीमाच्या, म्हणजे यंत्राला तपासता येणाऱ्या नियमावलीच्या, रूपात येऊ लागले. आता एका आज्ञेत बोर्डाचं वर्णन नियमांशी ताडून पाहता येतं.

‘इथरनेट-फाय’ वाचताना आधी नजरेत भरतं ते तिचं सोसणं. फाय म्हणजे केबलवरचे संकेत सांभाळणारी चिप. तिचा पत्ता ० ते ३१ याच मर्यादेत हवा, कारण फायशी बोलण्याच्या नियंत्रण-बसवर पत्त्याला पाचच बिट आहेत. इथे नियम कठोर आहे, कारण तारच तशी आहे. पण पुढे काही ओळींत सूर बदलतो. चिपने स्वतःचा ओळखक्रमांक चुकीचा सांगितला, किंवा सांगितलाच नाही, तर खरा क्रमांक आपण लिहून द्यावा. चार षोडशमान अंक, टिंब, पुन्हा चार अंक. एक गुणधर्म अशा चिपेसाठी आहे जी या बसवरच्या संभाषणात पाळी बदलताना तार हवी तशी खाली सोडत नाही. आणखी एक अशा बोर्डासाठी, ज्याच्या आरेखनात पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची अदलाबदल झाली आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली चूक आता दुरुस्त होणार नाही, तेव्हा तिला नाव द्यावं, जागा द्यावी आणि काम चालू ठेवावं, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

रचनेतही एक देखणी गोष्ट आहे. सर्वसामान्य नियमांची फाईल दार उघडं ठेवते, जास्तीचे गुणधर्म चालतात म्हणते. एखाद्या विशिष्ट चिपेची फाईल ते सामान्य नियम आपल्यात घेते आणि मग दार लावते: कुठल्याच नियमात न बसलेला शब्द इथे चालणार नाही. फायलीच्या शेवटी नमुना असतो, आणि तो नमुनासुद्धा त्याच नियमांतून तपासला जातो.

पण खरा ऐवज आहे ‘इथरनेट-कंट्रोलर’मध्ये, ‘फाय-मोड’ या गुणधर्मापाशी. मॅक (म्हणजे इथरनेट कंट्रोलर) आणि फाय यांच्यातल्या, गिगाबिट वेगाच्या आरजीएमआयआय जोडणीत प्रत्येक दिशेला चार डेटा तारा असतात. घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं आणि त्याच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर डेटा जातो, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला चार नॅनोसेकंद. घड्याळाची कड बिटाच्या मधोमध पडावी म्हणून तिला सुमारे दोन नॅनोसेकंद उशीर करावा लागतो. हा उशीर तांब्याची वाट लांबवून साधता येतो, पण त्यासाठी बोर्डावर जवळपास एक फूट जादा तांबं वळवत न्यावं लागतं. नाहीतर मॅक किंवा फाय यांपैकी एका चिपेने तो आपल्या पोटात करायचा. दोघींनी केला तर डेटा बिघडतो, कुणीच नाही केला तरी बिघडतो.

यासाठी चार मूल्यं आहेत. पूर्वी त्यांतल्या ‘आरजीएमआयआय-आयडी’समोरची टीप सांगायची की उशीर फायकडून मिळतो, मॅकने तो करू नये. २०२५मध्ये ती बदलली. आता टिपेचा आशय एवढाच: उशीर बोर्डाच्या रचनेत नाही. वाक्याचा कर्ताच बदलला. आधी चिपांना कामं वाटून दिली जात होती, आता बोर्ड कसा आहे तेवढं सांगितलं जातं. उशीर कुणी करायचा ते ड्रायव्हरांनी बघावं. सोबतच्या दीर्घ खुलाशात, ही मूल्यं वारंवार चुकीची वापरली जातात हे स्पष्ट मान्य केलं आहे. एखाद्या मॅकमधला उशीर बंदच करता येत नसेल तर? तरीही शब्दाचा अर्थ बदलत नाही, असं मजकूर ठामपणे सांगतो. अशा मॅकसोबत साधं ‘आरजीएमआयआय’, म्हणजे उशीर बोर्डातच आहे असं सांगणारं मूल्यच, अवैध ठरतं. सोयीसाठी अर्थ वाकवायचा मोह इथे सर्वांत मोठा होता, आणि इथेच लिहिणारे वाकले नाहीत.

तपासणीचं यंत्र हा खुलासा वाचू शकत नाही. शब्द मान्य यादीतला आहे की नाही, इतकंच ते सांगतं. तांबं खरोखर लांब आहे का, हे त्याला दिसत नाही. म्हणून स्कीमाच्या शेवटी माणसासाठी लिहिलेले हे परिच्छेद उरले आहेत, आणि माझ्या मते तेच या फायलीचं सर्वांत चांगलं लेखन आहे.

जुन्या साध्या मजकुराच्या काही फायली कर्नलमध्ये अजून रूपांतराची वाट पाहत आहेत. एम्बेडेड प्रणाली शिकणाऱ्यांनी त्यातली एक उचलावी. मात्र यॅमल लिहायला बसण्याआधी त्या चिपेची डेटाशीट आणि बोर्डाचं आरेखन शेजारी उघडून ठेवा.