जनुक तेच, कळ निराळी

इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2' या 2018 साली आलेल्या पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. हे दोन विषय एकत्र आणले, हे योग्यच झाले. परंतु मलकापुरात काही शिक्षकांसोबत हे प्रकरण वाचताना आम्हांला एक उणीव जाणवली. पूर्वार्धात जनुकापासून प्रथिन कसे बनते ते येते. उत्तरार्धात माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर यांच्या हाडांतील साम्य येते. दुवा म्हणून उत्परिवर्तन सांगितले आहे. त्यावरून विद्यार्थ्याचा समज होतो तो असा : जनुक बदलले, प्रथिन बदलले, म्हणून अवयव बदलला.

एकटे जनुक अवयव घडवत नाही. जनुके एकमेकांना चालू-बंद करतात. त्यांचे जाळे असते. दोन जातींची जाळी ताडून पाहिली, की बदल नेमका कुठे झाला ते कळते. अजगराचेच पाहा. पाय घडवण्यास लागणारे 'सॉनिक हेजहॉग' जनुक त्याच्यात शाबूत आहे. मेंदूच्या वाढीसाठीही ते लागते; ते गमावून कसे चालेल? दुबळी झाली ती केवळ पायांच्या जागी त्याला चालू करणारी कळ. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराच्या कळीऐवजी माणसाची किंवा माशाची कळ बसवली, तेव्हा पाय नीट वाढले. अजगराची बसवली, तेव्हा ते खुरटले.

याच्या उलटही घडते. पावाचे किण्व आणि कॅन्डिडा यांच्या पेशींत 'ए' आणि 'अल्फा' असे दोन प्रकार असतात. 'ए'ची खास जनुके दोघांतही फक्त 'ए' पेशींत चालतात. पण कॅन्डिडात ती 'ए' पेशीत मुद्दाम चालू केली जातात, तर किण्वात ती 'अल्फा' पेशीत बंद केली जातात. हे 2006 साली दाखवले गेले. परिणाम एकच, जोडणी निराळी. म्हणजे बाह्य साम्यावरून आतले जाळेही सारखेच असेल, असे म्हणता येत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. उंदीर, फळमाशी, किण्व यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे, इतरांचा थोडा. आकृतीत रेघ नाही, म्हणजे सजीवात संबंध नाही, असे नव्हे.

पुढील आवृत्तीत याविषयी चार ओळी याव्यात. तोवर हाडांच्या आकृतीपाशी थांबून शिक्षकांनी एवढेच विचारावे : "हाडे तीच, तर मग बदलले काय?"