रामबाणाचे गद्य

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार निबंध व अग्रलेख यांच्यापाशीच थांबतो. औषधांच्या जाहिराती दुर्लक्षित राहतात. वस्तुतः रुग्णाचे भय आणि आशा यांचा ठसा याच गद्यावर अधिक स्पष्ट उमटला आहे. ‘रामबाण’ म्हणताच पुराणातील अमोघत्व बाटलीत उतरते. पुराव्याची जागा विशेषण घेते. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत आणलेल्या ‘अमृतांजन’चे नाव अमरत्व सुचविते, उपयोग मात्र डोकेदुखीवर. याच व्यवसायाच्या बळावर १९०८ मध्ये मुंबईत त्यांचे ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक निघाले. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने प्रतिबंध केला. त्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. पण वाङ्मयेतिहासाने त्या वाचल्याच पाहिजेत, कारण पत्रे आणि नियतकालिके जगविणाऱ्या पैशाची भाषा तीच होती.