महाराष्ट्रातील निर्वासितांचे पुनर्वसन : धोरणाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

निर्वासितांचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दया व आतिथ्य यांच्या परिभाषेत मांडला जातो. वळिवड्याच्या पोलिश छावणीचे स्मरण करताना कोल्हापूरच्या औदार्याचा गौरव होतो. सिंधी वसाहतींविषयी बोलताना त्या समाजाच्या उद्यमशीलतेचे कौतुक होते. ही विधाने असत्य नाहीत. परंतु त्यांच्यामुळे धोरणाची चिकित्सा मागे पडते. प्रवेश कोणाला मिळाला, कोणत्या दर्जाने मिळाला आणि कोठे वसण्याची मुभा मिळाली, या तीन प्रश्नांच्या आधारे चार निर्वासित समूहांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एकच भूमी, दोन दर्जे :

१९४३ ते १९४८ या काळात सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित वळिवडे येथे राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. छावणीच्या खर्चाचा भार लंडन येथील परागंदा पोलिश सरकारने उचलला होता आणि मुक्काम तात्पुरता राहील हे गृहीतच होते. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेताच छावणीचा आधार डळमळला. पुढे हे लोक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत विखुरले. रिकाम्या झालेल्या त्याच जागेत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसविण्यात आले आणि गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली. भूमी एकच; पण पहिले पाहुणे होते, दुसरे नागरिक. हा भेद स्वभावाचा नसून दर्जाचा आहे.

सिंध प्रांत अखंडपणे पाकिस्तानात गेल्याने सिंधी भाषकांना भारतात स्वतःचा प्रांत उरला नाही. म्हणून कल्याणची लष्करी छावणी (१९४९ पासून उल्हासनगर), पिंपरी, जळगाव अशा शहरांच्या आश्रयाने ते वसले. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांच्या नागरिकत्वाची वाट मोकळी केली. १९५४ च्या कायद्याने पश्चिम पाकिस्तानात मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देऊ केली. उद्यमशीलतेला हे कायदेशीर अधिष्ठान होते.

तुलनेतील उणीव :

व्यापाराची परंपरा हेच सिंधी समाजाच्या यशाचे कारण होय, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. तथापि पूर्व बंगालमधून आलेल्यांचा अनुभव पाहिल्यास तो अपुरा ठरतो. १९५४ चा भरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा, चामोर्शी परिसरातही बंगाली निर्वासितांची गावे वसली. नदीकाठच्या भातशेतीत वाढलेल्या माणसांना जंगलालगतची जमीन मिळाली. जागेची निवड त्यांच्या हाती नव्हती. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबे सुंदरबनातील मरिचझापीकडे निघाली, ती काही उद्यमशीलता नव्हती म्हणून नव्हे. शिवाय ज्या भूमीवर वसाहती उभ्या राहिल्या, तेथील आदिवासींची संमती धोरणकर्त्यांनी महत्त्वाची मानली नाही, हा या धोरणाचा दुसरा दोष होय.

चौथा समूह तिबेटी लोकांचा. गोंदिया जिल्ह्यातील नॉर्गेलिंग वसाहतीत त्यांना शाळा, शेती व धर्मस्वातंत्र्य मिळाले. परंतु बहुतेकांना नागरिकत्व नाही. संस्कृती जपली गेली, हक्क मात्र अधांतरी राहिले.

कायद्याचा अभाव :

या चारही उदाहरणांत निर्णय वेगळा, कारण नियमच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर व १९६७ च्या पूरक करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या व्यक्तींना वाट दिली. त्याचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. पाकिस्तानातून उशिरा आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याचा आधार मिळाला, हे स्वागतार्ह आहे. पण तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. छळ हा निकष मानावयाचा, तर त्याला देश, धर्म व दिनांक यांची मर्यादा का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

निष्कर्ष :

औदार्य हे राज्यकर्त्यावर अवलंबून असते; हक्क कायद्यावर. वळिवड्याच्या स्मृतीचा गौरव करताना हा फरक विसरता कामा नये. अर्ज कोठे करावा, निर्णय किती मुदतीत व्हावा, नकाराविरुद्ध दाद कोठे मागावी आणि वसण्याच्या जागेबाबत निर्वासित व मूळ रहिवासी या दोघांचे म्हणणे कसे ऐकावे, एवढ्या चार बाबी स्पष्ट करणारा कायदा ही किमान गरज आहे. खानदेशातील महाविद्यालयांपुरते बोलायचे तर जळगाव, धुळे येथील सिंधी वसाहतींतील वृद्धांच्या आठवणी व कागदपत्रे यांची नोंद करणे हे इतिहास व समाजशास्त्र विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे कार्य आहे. ती पिढी आता विरळ होत चालली आहे. या कामास विलंब परवडणारा नाही.