नियमांचे काव्य : २०२४ सालातील काही व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेम या कलेविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत गंभीरपणे लिहिले जाते त्यात तिची तुलना बहुधा चित्रपटाशी केली जाते, आणि एखादा गेम अगदी सिनेमासारखा वाटला म्हणजे त्याच्या थोरवीविषयी वेगळा पुरावा मागण्याचे कारण उरत नाही, अशी समजूत रूढ होऊन बसली आहे. ही समजूत मला मान्य नाही. चित्र, संगीत, संवाद आणि कथानक ही सारी सामग्री गेमने अन्य कलांकडून उसनी घेतलेली आहे. त्याची स्वतःची मिरास एकच, आणि ती म्हणजे नियम. खेळणाऱ्याला कशाची मुभा आहे, कशाचा मज्जाव आहे, केलेल्या कृतीचे कोणते फळ त्याच्या पदरात पडते आणि कोणते पडत नाही, या तरतुदींमधूनच जेव्हा एखादा भाव किंवा विचार प्रकट होतो, तेव्हा ही कला खऱ्या अर्थाने स्वतंत्र होते. २०२४ साली जे गेम मी आवडीने खेळलो, त्यांपैकी जे अद्याप मनातून गेलेले नाहीत, ते याच कसोटीला उतरलेले आहेत. म्हणून आवडीनिवडीची केवळ फिरिस्त न देता त्या प्रत्येकातील नियम नेमके काय साधतात, ते पाहण्याचे मी येथे योजिले आहे.

जानेवारीत आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' पासून आरंभ करणे उचित होईल. १९८९ साली जॉर्डन मेकनरने ॲपल टू संगणकासाठी रचलेला मूळ 'प्रिन्स' नव्वदीच्या दशकात ज्यांनी पाहिला, त्यांना त्या राजपुत्राची धाव आणि उडी आजही आठवत असेल. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले होते आणि त्यावरून एकेक आकृती उतरवली होती. युबिसॉफ्टच्या माँपेलिये येथील चमूने पस्तीस वर्षांनी त्या परंपरेला नवा देह दिला. नायक राजपुत्र नाही, सारगोन नावाचा योद्धा आहे. स्थळ काफ पर्वत, आणि त्या स्थळाचा स्वामी सीमुर्ग हा इराणी पुराणांतील अद्भुत पक्षी. परंतु मला ज्या गोष्टीने जिंकले ती याहून पुष्कळच साधी आहे. अशा चक्रव्यूही गेममध्ये आज न उघडणारे दार पुढे नवी शक्ती मिळाल्यावर उघडायचे असते, आणि तोवर ते कोठे होते हे खेळणारा विसरून गेलेला असतो. येथे त्या जागी उभे राहून एक बटण दाबले की समोरच्या दृश्याचे चित्र नकाशावर टाचले जाते. अशी चित्रे टाचण्याची मुभा मर्यादित असल्यामुळे कोणती अडचण लक्षात ठेवण्याजोगी आहे, याचा निवाडा खेळणाऱ्यालाच करावा लागतो. विस्मरण हा खेळणाऱ्याचा दोष न मानता त्याला नियमांच्या चौकटीत सन्मानाने जागा देणारी ही तजवीज मला या वर्षातील सर्वांत सहृदय कल्पना वाटते.

या गेममधील सर्व संवाद फारसी भाषेतही ध्वनिमुद्रित झालेले आहेत. तीन दशकांहून अधिक काळ इराणचे नाव मिरवणाऱ्या मालिकेला इराणची भाषा प्रथम आताच लाभली, ही गोष्ट मी आनंदाने नोंदवतो, आणि ती नोंदवताना पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' ची आठवण टाळता येत नाही. पहाडी शैलीच्या भित्तिचित्रांनी नटलेला तो गेम पुण्यात घडला आणि जगभर खेळला गेला. त्याला हिंदी संवाद मिळाले ते २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. आपल्या गावात घडणाऱ्या गेममधील पात्रांनी मराठीत बोलावे ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला वाटत नाही. तंत्राच्या अंगाने त्यात कोणतीही अडचण नाही. विचार व्हायचा तो खर्चाचा आणि इच्छेचा. असो. 'लॉस्ट क्राउन' रचणारा चमू पुढे अन्य कामांवर विभागून टाकण्यात आला, असे त्या कंपनीनेच ऑक्टोबरात जाहीर केले. एवढ्या मेहनतीने एकमेकांशी जुळलेले हात अशा रीतीने पांगवले जावेत, याचे दुःख वाटते.

मे महिन्यात आलेला 'इंडिका' मी वर्षातील सर्वांत धाडसी कृती समजतो. तो रचणारी 'ऑड मीटर' ही मंडळी मूळची मॉस्कोची; २०२२ साली युद्ध सुरू झाल्यावर ती कझाकस्तानात गेली. एकोणिसाव्या शतकातील, काहीशा काल्पनिक रशियातील एका मठात राहणाऱ्या इंडिका नावाच्या तरुण संन्यासिनीची ही कथा असून तिच्या मस्तकात सैतानाचा आवाज अखंड बोलत असतो. आरंभीच तिला विहिरीतून पाणी आणून पिंप भरण्याची आज्ञा होते. रहाट फिरवायचा, बादली वर काढायची, ती घेऊन बर्फाळ अंगण संथ पावलांनी ओलांडायचे, पाणी पिंपात ओतायचे आणि पुन्हा विहिरीकडे वळायचे, हे सारे खेळणाऱ्याला स्वतः करावे लागते आणि त्यातून सुटण्याची कोणतीही आडवाट ठेवलेली नाही. पिंप भरले की एक वडीलधारी संन्यासिनी येते आणि ते पाणी जमिनीवर ओतून देते. चित्रपटात हा प्रसंग अर्ध्या मिनिटात दाखवता आला असता आणि आपल्याला इंडिकाची दया आली असती; येथे वाया गेलेले श्रम आपले स्वतःचे असतात, आणि आज्ञापालनातील निरर्थकता सांगण्यासाठी एकाही शब्दाची गरज उरत नाही.

पुढे जागोजागी मेणबत्ती लावल्याबद्दल किंवा धार्मिक वस्तू सापडल्याबद्दल गुण मिळतात, त्या गुणांवर पातळ्या वाढतात, आणि गेम लोड होत असताना पडद्यावर स्पष्ट शब्दांत बजावले जाते की हे गुण निरुपयोगी आहेत, ते जमवण्यात वेळ दवडू नये. तरीही आपण ते जमवत राहतो. पुण्याचा जमाखर्च लिहिणाऱ्या भाविक मनाचे इतके नेमके आणि तरीही निर्दयतेचा लवलेश नसलेले परीक्षण मी अन्य कोणत्याही गेममध्ये पाहिलेले नाही. एके ठिकाणी सैतानाच्या बोलण्याने समोरचे जगच दुभंगते, आणि प्रार्थनेचे बटण दाबून धरले म्हणजे ते सांधते. परंतु केवळ सांधलेल्या जगातून वाट मिळत नाही. काही पायऱ्या जग फाटलेले असतानाच चढता येतात आणि काही ते जुळल्यावरच, म्हणून पुढे जाणाऱ्याला श्रद्धा आणि शंका यांचा आळीपाळीने आश्रय घ्यावा लागतो. धर्मचिंतनाचा एवढा गहन विषय एका बटणाच्या दाबण्या-सोडण्यात सामावला आहे. मधल्या भागातील अवजड वस्तू सरकवण्याची कोडी मामुली आहेत आणि तेथे गेम रेंगाळतो, हे मान्य करूनही माझे मत बदलत नाही.

त्याच महिन्यातील 'ॲनिमल वेल' हा बिली बासो या एकट्या माणसाने सुमारे सात वर्षे खपून तयार केला. त्याचा एकूण आकार अवघा तीसेक मेगाबाइट, म्हणजे आपण मोबाइलवर एकमेकांना पाठवतो त्या कित्येक व्हिडिओंहूनही कमी. अंधाऱ्या, ओलसर, प्राण्यांनी भरलेल्या एका भूगर्भात एक इवलासा जीव जागा होतो, आणि त्याच्या हाती शस्त्र म्हणून काहीच येत नाही. येतात ती खेळणी : साबणाचे फुगे काढण्याची काडी, फेकायची चकती, यो-यो, लवचीक स्प्रिंग, बासरी. कोणते खेळणे कशासाठी आहे हे गेम पुरते सांगत नाही. फुगा ही पायरी होऊ शकते, आणि दूरचे बटण दाबायला फेकलेल्या चकतीवर स्वार होऊन दरी ओलांडता येते, हे ज्याचे त्याने शोधायचे. यामुळे येथील प्रगती पात्राच्या बळात मोजली जात नाही, ती खेळणाऱ्याच्या ज्ञानात होते, आणि ज्ञान एकदा झाले की कोणत्याही नियमाने ते हिरावून घेता येत नाही. वरवरचा गेम संपल्यावर त्याखाली दुसरा थर लागतो, ज्यात ६४ अंडी दडवलेली आहेत. आणि त्याखालच्या थरात असे एक भित्तिचित्र आहे की त्याचा केवळ एकेक तुकडा एकेका खेळणाऱ्याला दिसतो आणि ते पुरे होण्यासाठी ५० जणांनी आपापले तुकडे एकमेकांना दाखवावे लागतात. अनोळखी माणसे एकमेकांना सहाय्य करतील या भरवशावर कोणी नियम बांधावा आणि तो भरवसा लोकांनी खरा करून दाखवावा, हे मला फार मोलाचे वाटते.

ज्ञानावर भिस्त ठेवणारा आणखी एक गेम म्हणजे स्वीडनच्या 'सिमोगो' चा 'लॉरेलाय अँड द लेझर आइज'. कृष्णधवल रंगांतील एक जुने हॉटेल, १९६३ हे साल, आणि शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसल्यावाचून न सुटणारी कोडी, एवढे सांगितले तरी रसिकाला पुरे व्हावे. 'यूएफओ ५०' मध्ये सहा रचनाकारांनी ऐंशीच्या दशकातील एक काल्पनिक कंपनी उभी करून तिच्या नावे ५० पूर्ण गेम रचले. त्यांतील कित्येक सामान्य असले, तरी त्या कंपनीचे आरंभीचे चाचपडणे आणि पुढे येत गेलेला आत्मविश्वास क्रमाने खेळत गेल्यास नियमांमधूनच जाणवतो. एका संस्थेचे चरित्र असेही लिहिता येते, हे मला नवीन होते.

६ सप्टेंबर ही तारीख या कलेच्या बखरीत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी सोनीने अनेक वर्षे खपून तयार झालेला 'काँकॉर्ड' जेमतेम पंधरवड्यात बंद करून खरेदीदारांचे पैसे परत देऊ केले, आणि त्याच दिवशी त्याच कंपनीच्या तोक्यो येथील 'टीम असोबी' चा 'ॲस्ट्रो बॉट' बाजारात आला, ज्याला डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला. स्पर्श हा या गेमचा खरा विषय आहे. वाळू, काच, धातू, पाणी यांवरून तो चिमुकला यंत्रमानव चालतो तेव्हा कंट्रोलरच्या आत उमटणारे कंप निरनिराळे असतात, आणि एका पातळीत उंदराएवढे होण्याची शक्ती मिळाली की झाडाच्या बुंध्यातील फट प्रशस्त दालन ठरते. अशी एखादी सुंदर कल्पना हाती आली म्हणजे ती पिळून काढण्याचा मोह बहुतेकांना होतो. येथे ती एका-दोन पातळ्यांत फुलवून बाजूला ठेवली जाते. तथापि माझा एक आक्षेप आहे. येथे सोडवायचे यंत्रमानव पुष्कळदा त्याच कंपनीच्या जुन्या गेममधील पात्रांचे वेश घालून येतात, आणि त्यांतील कित्येक मालिका आज चालू नाहीत. ज्यांना पुढे चालवण्याची इच्छा नाही त्यांची स्मृतिचिन्हे मांडून ठेवण्यात मला उत्सवापेक्षा खिन्नता अधिक जाणवली.

आता 'बालात्रो'. लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एका कॅनडावासी रचनाकाराने तो फेब्रुवारीत प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते नियमांचे निखळ सौंदर्य पाहायचे असेल तर या वर्षी याच्या तोडीचे दुसरे काही झाले नाही. पत्त्यांचा नेहमीचा संच, पोकरमधील नेहमीच्या जुळण्या, आणि त्यांच्या माथ्यावर १५० निरनिराळे जोकर, एवढीच सामग्री. दोन बादशहांची जोडी टाकली असे समजा. जोडीचे मूळ १०, बादशहांचे प्रत्येकी १०, मिळून ३०, जोडीचा गुणक २, एकूण ६०. पहिल्या पायरीला लागतात ३०० आणि डाव मिळतात सामान्यतः चार, म्हणजे प्रत्येक वेळी अशीच जोडी आली तरी बेरीज २४० वर थांबते आणि आपण हरतो. आता दोन जोकर जवळ आहेत असे धरा : पहिला गुणकात ४ मिळवणारा, दुसरा जोडी असल्यास गुणक दुप्पट करणारा. गणना डावीकडून उजवीकडे होते. मिळवणारा आधी ठेवला तर गुणक ६ होऊन मग १२ होतो आणि त्याच दोन बादशहांचे ३६० येतात. दुप्पट करणारा आधी ठेवला तर गुणक ८ वर अडतो आणि हाती येतात २४०. पत्ते तेच, जोकरही तेच, केवळ त्यांच्या बसण्याच्या क्रमाने एका डावात बेडा पार होतो किंवा राहतो. असा हिशेब प्रत्येक पावलावर करावा लागतो, आणि कोष्टके पाठ म्हणणाऱ्या पिढीत वाढलेल्या वाचकाला तर त्यातील लज्जत सहज कळेल. उजवीकडच्या जोकरची नक्कल करणारा एक जोकर आहे. तो हाती आला की साऱ्या रांगेची फेरमांडणी डोक्यात सुरू होते, आणि व्याकरणातील एका प्रत्ययाने वाक्याचा अर्थ पालटावा तसे सबंध डावाचे स्वरूप पालटते.

या गेममध्ये खरा पैसा कोठेही लागत नाही. पणाला लावण्यासारखे काही नाही आणि आत विकत घेण्यासारखेही काही नाही. किंबहुना हा गेम कोणत्याही जुगाराच्या कंपनीला कधीही विकला किंवा वापरायला दिला जाऊ नये, अशी तरतूद आपण मृत्युपत्रातच करून ठेवल्याचे लोकलथंकने जाहीर केले आहे. असे असूनही गेमसाठी वयाची मर्यादा ठरवणाऱ्या 'पेगी' या युरोपीय संस्थेने त्यावर १८ वर्षांचा शिक्का मारला. येथे शिकलेल्या जुळण्या प्रत्यक्ष पोकरमध्ये उपयोगी पडू शकतील, असे कारण त्यासाठी देण्यात आले. खरे पैसे घेऊन आत कोणता खेळाडू निघेल हे न सांगता पाकिटे विकणाऱ्या फुटबॉलच्या गेमवर त्याच संस्थेचा शिक्का ३ वर्षांचा आहे, याकडे लोकलथंकने त्याच वेळी जाहीरपणे लक्ष वेधले. परीक्षकांनी एका ठिकाणी पत्त्यांचे चित्र पाहिले आणि दुसऱ्या ठिकाणी चेंडूचे. दोन्हीकडचे नियम त्यांनी वाचले असते तर निवाडा उलटा झाला असता, असे मला ठामपणे वाटते. प्रकाशकांनी अपील केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तक्रार मंडळाने त्यातील अद्भुत घटक विचारात घेऊन मर्यादा १२ वर आणली. फुटबॉलच्या पाकिटांवरील ३ चा शिक्का मात्र त्या निकालाने हलला नाही.