वाड्यातले दागिने आणि समीक्षेच्या दृष्टी

वास्तववादी नाटकाच्या अभ्यासात दोन मोह संभवतात. रंगमंचावरचे घर, माणसे आणि त्यांचे बोलणे ओळखीचे असल्यामुळे नाटकाचा अर्थही उघडच आहे, असे वाटणे हा पहिला. दुसरा मोह समीक्षापद्धतींशी नुकताच परिचय झालेल्या अभ्यासकाचा; त्याला नाटक हे त्या पद्धतींचे केवळ उदाहरण वाटू लागते. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक या दोन्ही मोहांची कसोटी पाहते.

विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्यातील तात्याजींच्या मृत्यूनंतरचे थोडे दिवस, एवढाच नाटकाचा काळ. थोरला भास्कर गावी राहिलेला, सुधीर मुंबईहून आलेला. वाड्यापुढे नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडलेला. आणि घराण्याच्या इतमामाला साजेसे दिवसकार्य कसे करावे, हा प्रश्न. एका रात्री भास्करची पत्नी, म्हणजे वहिनी, घराण्याचे दागिने अंगावर घालते. पुढे तिची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. हे दागिनेच निरनिराळ्या दृष्टींनी पाहावेत.

मार्क्सवादी दृष्टीला ते जमिनीच्या उत्पन्नातून साठलेले, पण आता निपजक्षम न राहिलेले धन म्हणून दिसतील. ट्रॅक्टर चालत नाही, सोने कामी येत नाही. दोन्ही उत्पादनाबाहेर पडली आहेत. १९५८ मध्ये विदर्भासाठी झालेल्या कूळकायद्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली, तर ही कुंठितावस्था एका कुटुंबापुरती राहत नाही. मात्र रात्रीचा तो प्रवेश मनाला का भिडतो, याचे उत्तर येथे मिळत नाही.

स्त्रीवादी दृष्टी त्या उत्तराच्या जवळ जाते. दागिने स्त्रियांच्या अंगावरचे, पण त्यांच्याविषयीचे निर्णय पुरुषांचे. वहिनीला वैभव लाभते ते एका रात्रीपुरते, बंद दाराआड. शिकू इच्छिणाऱ्या प्रभाची वाट घराण्याच्या प्रतिष्ठेने अडवली. रंजूचे पळून जाणे मात्र घाईने बंड ठरवू नये. ती एका स्वप्नातून दुसऱ्या फसवणुकीत जाते.

रूपवादी अभ्यासक आणखी एक गोष्ट दाखवील. वाटणी आणि विघटन यांच्या या नाटकात सारा वारसा एकदाच, एकाच देहावर, एकत्र आलेला दिसतो. पुढे घडणारी हानी प्रेक्षकाला जाणवते, कारण ते पूर्णत्व त्याने पाहिलेले असते.

तथापि एक प्रश्न उरतो: ज्यांच्या श्रमांतून हे सोने उभे राहिले, ती माणसे कोठे आहेत? रंगमंचावर ती नाहीत. ही अनुपस्थिती म्हणजे वाड्याचेच आंधळेपण होय आणि वास्तववादी नाटककार ते प्रामाणिकपणे दाखवतो, असे प्रस्तुत लेखकाचे दीर्घकाळ मत होते. ते आता अपुरे वाटते. प्रेक्षकालाही नाटक वाड्याच्या आतच बसवते. त्यामुळे वाड्याला जे दिसत नाही, ते आपल्यालाही न दिसताच आपण हळहळतो. दलित आणि बहुजन जाणिवेतून आलेल्या समीक्षेने हा आक्षेप घेतला, तर तो नाटकाबाहेरचा म्हणून टाळता येणार नाही.

म्हणून वहिनीविषयीची करुणा खोटी ठरते का? नाही. परंतु ती निर्हेतुक राहत नाही. तिची किंमत कोणी चुकती केली, हे विचारावे लागते. समीक्षादृष्टींचा उपयोग त्या एकापुढे एक मांडण्यात नाही. एका दृष्टीने दुसरीचे समाधान मोडावे, यात आहे. त्यानंतर त्या रात्रीच्या प्रवेशाकडे पुन्हा वळावे. सोने तेवढेच झळकते, पण दाराबाहेरचा अंधार आता रिकामा वाटत नाही.